ओ'धानच्या नावातली दुरुस्ती

कुवेतमध्ये माझं आडनाव बाबत आहे. बापटचं बाबत कसं झालं ते मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि ज्यांनी ते समजावून सांगितलं त्यांच्याबद्दलच हे लिहायचं आहे. अरबीत प नाही. त्यामुळे पासपोर्टवरची बापट अरबीत जाताना बाबात झाली, तिथून परत इंग्रजीत येताना बाबत झाली आणि तशीच बताक्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, छापली गेली. मी पुण्याची. आडनावाच्या बाबतीत आम्ही जरा हळवे असतो. तणतणत हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनला गेले, तर खिडकीमागच्या गृहस्थांनी कार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "बाबत." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "कशाबाबत?"

ते लतीफभाई सोलकर. दाभोळच्या खाडीकाठचे. अंगानं काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, चष्म्याला दोरी आणि कानावर पेन्सिल. पेनानं लिहिलेलं त्यांना कधी पाहिलं नाही. पेनानं लिहिलेली चूक कायमची होते म्हणायचे. सबाह अल-सालेमजवळच्या आमच्या त्या खाजगी हॉस्पिटलात मी तळमजल्यावर लॅबमध्ये होते आणि समोरचंच दार रेकॉर्डचं. त्यामुळे पुढची नऊ वर्षं दुपारचा सुलेमानी चहा, म्हणजे बिनदुधाचा, आम्ही बहुतेक रोज एकत्र प्यायलो.

फाइलला ते फाइल म्हणत नसत. माणूस म्हणत. "ते माणूस वरच्या फळीवर ठेवा," "हे माणूस दोन दिवस सापडत नाय," असं चालायचं. नव्या मुलीच्या हातून एकदा गठ्ठा सुटला तर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले की आधी खाली पडलेल्या माणसांना उचला. सगळं कॉम्प्युटरवर गेल्यावरही त्यांची भाषा बदलली नाही. पडद्यावर बोट ठेवून म्हणायचे, "ह्या माणसाला दोन ठिकाणी बसवलाय."

माझी फजिती सांगायलाच हवी, कारण पुढच्या सगळ्याची सुरुवात तिथे आहे. नवी असताना मला नमुन्यांच्या बाटल्यांवर ओम नावाच्या तीन बायका सापडल्या. ओम खालिद, ओम नासर, ओम फहद. मी तर भारावूनच गेले. आपली संस्कृती कुठवर पोचली आहे, असं आईला फोनवर सांगूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी लतीफभाईंना सांगितलं तर त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "बापटबाई, ती ओम नाय. उम्म हाय. उम्म म्हंजे आय. ही खालिदची आय, ती नासरची आय." इथल्या जुन्या बायका काउंटरवर स्वतःचं नाव सांगत नाहीत, थोरल्या मुलाची आई म्हणूनच नाव सांगतात, आणि आमच्या उत्तर हिंदुस्थानी टायपिस्टानं कानावर पडलं ते त्याच्या ओळखीच्या अक्षरांत उतरवलं होतं. मी आईला पुन्हा फोन केला नाही.

त्यांची पद्धत साधी होती. नाव सापडलं नाही तर ते डोळे मिटून तोंडानं वाचायचं. "डोळा फशी पडतो," म्हणायचे, "तोंड पडत नाय." अक्षरं कुठल्याही लिपीतून कुठल्याही लिपीत गेली तरी मूळ हाक कुठेतरी शिल्लक राहते, असा त्यांचा विश्वास होता. तसं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण वागण्यातून दिसायचं. एकदा सुलैबियाच्या एका वर्कशॉपमधून एका कामगाराला बेशुद्ध आणला. बरोबरच्या मित्राला फक्त वेंकट एवढंच माहीत होतं आणि तो पूर्वी इथे येऊन गेलाय एवढंच. कॉम्प्युटरवर वेंकट नव्हता. डॉक्टर इंजेक्शन भरून उभे होते. लतीफभाई डोळे मिटून खुर्चीत बसले आणि पुटपुटायला लागले. अरबीत व्ह नाही, फ आहे. वेंकट, फेंकट, फंकत. फंकत नावाचा माणूस सापडला, वय जुळलं, आणि त्याच्या कागदावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं की हेच इंजेक्शन ह्याला चालत नाही. त्या दिवसापासून त्यांच्या पुटपुटण्याला कोणी हसलं नाही.

ते महबूलाला राहायचे, त्यांच्याच तालुक्यातल्या चौघांबरोबर एका फ्लॅटमध्ये, समुद्रापासून पाच मिनिटांवर. बायको गावी, मुलगी चिपळूणला दिलेली. शुक्रवारी नमाजानंतर ते अल-रायच्या जुन्या बाजारात जायचे आणि जुनी पुस्तकं आणायचे. वाचायला नव्हे. पहिल्या कोऱ्या पानावर कोणी कोणाला भेट म्हणून नाव लिहिलेलं असतं ते वाचायला. असली नावं लागायला कठीण असतात, हात बसलेला राहतो, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी सकाळी त्यांनी मला खिडकीतून खूण करून बोलावलं. हातात पुठ्ठा गेलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, आत कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबच्या लायब्ररीचा शिक्का. पहिल्या पानावरचं नाव वाचता वाचता त्यांची नजर प्रस्तावनेवर गेली होती आणि तिथे त्यांना दाभोळ दिसलं होतं.

पुस्तक कवितांचं होतं. बाईचं नाव एलायझा थॉर्नकोम. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. नवरा मिठाच्या खात्यात साहेब, त्याच्याबरोबर ती चार वर्षं दाभोळच्या खाडीवर राहिली, मग विलायतेला परत गेली आणि लौकरच वारली. तिच्या वह्यांवरून पुतण्यानं हा संग्रह छापला होता. त्यानंतर तिला कोणी विचारलं नव्हतं. इंग्रजी घेऊन बीए केलेली मी, नंतर लॅबकडे वळले ती गोष्ट वेगळी, पण हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. लतीफभाईंनी त्या बाईचं लगेच इलाबाई करून टाकलं.

इलाबाईंची एकच कविता त्यांनी मला वाचायला लावली. तीत ओ'धान नावाचा कोणी एक येतो. भर दुपारी, घर निजलेलं असताना, बंदराच्या पायऱ्यांवर. पहिल्या दिवशी घड्याळात बाराचे ठोके पडत असतात. दुसऱ्या दिवशी तो आणखी उशिरा येतो, तिसऱ्या दिवशी त्याहून उशिरा, ती रोज पायरीवर बसून राहते. मग तो येईनासा होतो. पंधरवड्यानं पुन्हा येतो. शेवटी ती त्याला म्हणते की ओ'धान, जे नेलंस ते परत आण. कविता तिथे संपते. मला आवडली. असल्या जुन्या इंग्रजी कवितांत फुलं फार असतात, हिच्यात एकही नव्हतं.

मी म्हटलं, प्रेमाची कविता आहे, ओ'धान कोणी आयरिश सोल्जर असावा, नावावरून वाटतं. लतीफभाईंनी डोळे मिटले. दोनदा ओठ हलले. मग मोठ्यानं हसले, इतके की समोरच्या लॅबमधून आमची फिलिपिनो मुलगी डोकावून गेली.

"तोंडानं वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. ओधान. पुन्हा वाचलं. मग माझ्याही लक्षात आलं. उधाण. बाईनं वहीत ऐकलं तसं लिहिलं असणार, इंग्रजीत दोन ओ जवळजवळ, आणि छापखान्यातल्या कोणाला दुसरा, बारीक ओ ओ'धानमधल्या वरच्या टिंबासारखा दिसला असणार. आयर्लंडची नावं त्याच्या ओळखीची. दाभोळचं उधाण त्याच्या ओळखीचं असण्याचं काही कारण नव्हतं. आमच्या टायपिस्टाच्या ओमसारखंच झालं होतं, फक्त दीडशे वर्षांपूर्वी.

लतीफभाईंच्या टेबलावर हिजरी तारखांचं कॅलेंडर असायचं. चांद्र तारीख बघून ते बसल्या जागी समुद्राचं सांगत, आज पाणी कितीपर्यंत येईल, कधी ओसरेल. त्याच कॅलेंडरवर पेन्सिल टेकवून त्यांनी मला समजावलं. आमच्या खाडीला पुनवेची भरती दुपारी बाराच्या सुमाराला. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी पाऊण तास. मग पाणी मरत जातं. अवसेला पुन्हा जोर. "असा कंचा यार बघलाव तुमी, रोज पाऊण तास उशिरा येनारा?" शेवटच्या ओळीबद्दल मी विचारलं. तो काय नेतो, आणि ती परत काय मागते? ते पुस्तक मिटत म्हणाले, "नेलं आसंल कायतरी. पायरीवरची चप्पल नेली आसंल." आणि पुन्हा हसले.

मला आता चैन पडेना. संध्याकाळी घरी जाऊन इंटरनेटवर शोधलं. दीडशे वर्षं कोणी न विचारलेली ही बाई नेमकी आत्ताच कोणाला तरी सापडली होती. इंग्लंडातल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकबाई तिच्या कवितांची नवी आवृत्ती काढत होत्या. त्यांनी लिहिलेलं वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. सगळा डोलारा ओ'धानवर उभा होता. तो कोण असावा याचा शोध त्यांनी पलटणींच्या जुन्या याद्यांत घेतला होता. तो सापडला नव्हता, पण नवऱ्याच्या नकळत परक्या किनाऱ्यावर भर दुपारी प्रेम करणारी धीट बाई म्हणून एलायझा थॉर्नकोमला पुन्हा वाचलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. लेख उत्तम होता. नुसता एक शब्द चुकला होता.

दुसऱ्या दिवशी मी ते लतीफभाईंना वाचून दाखवलं. मला वाटलं पुन्हा हसतील. ते हसले नाहीत. "म्हंजे दीडशे वर्सांनी बाईवर आळ आणलाय," ते म्हणाले. मी पुणेरी शहाणपण चालवलं. म्हटलं, लतीफभाई, तो प्रियकर आहे म्हणून तर तिला आज कोणी विचारतंय. त्याला काढलात तर ती पुन्हा अडगळीत जाईल. नुसत्या भरती-ओहोटीच्या कवितेसाठी कोण आवृत्ती काढतंय?

"खोट्या नावावर माणूस चालत नाय, बापटबाई," ते म्हणाले. "आज चालंल. ज्या दिवशी इंजेक्शनची वेळ यील त्या दिवशी मरंल."

त्याच महिन्यात मंदूबानं, म्हणजे हॉस्पिटलची सरकारी कागदपत्रं करणाऱ्या माणसानं, त्यांना सांगितलं की वय झाल्यामुळे त्यांचा इकामा आता पुढे वाढणार नाही. राहायचा परवानाच संपणार म्हणजे चार-पाच महिन्यांत कायमचं गावी जायचं. लतीफभाईंनी ते शांतपणे ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्यांना एकच घाई लागली. इथून जायच्या आधी इलाबाईंच्या नावावरचं ते लफडं पुसलं गेलं पाहिजे. इथे बसून पुसता येईल, मी टाइप करायला आहे, इंटरनेट आहे. गावी गेल्यावर कोण इंग्लंडला पत्र लिहितंय?

मी म्हटलं, छान पत्र लिहू. ते म्हणाले, पत्र कशाला, आपल्याकडे फॉर्म आहे. आणि खरोखरच त्यांनी आमच्या रेकॉर्ड सेक्शनचा नाव-दुरुस्तीचा फॉर्म पुढे ओढला. नोंदलेलं नाव, ओ'धान. खरं नाव, उधाण. चुकीचं कारण, लिहून घेणाऱ्याला भाषा येत नव्हती. पुरावा म्हणून कवितेतल्या तिन्ही दिवसांच्या वेळा आणि भरतीचं गणित वेगळ्या कागदावर जोडलं. शेवटचा रकाना रुग्णाशी नातं. तिथे ते अडले. दोन दिवस तो रकाना कोरा राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, शेजारी. खाली सही केली, लतीफ ए. सोलकर. अब्दुल पुढे लावायचं का मागे याबद्दल त्यांचे तीन कागद तीन तऱ्हेचे होते, सही मात्र नेहमी अशीच.

मी तो फॉर्म स्कॅन करून, वर चार ओळी लिहून, माझ्या मेलवरून पाठवला. प्राध्यापकबाईंचं उत्तर सभ्य होतं आणि थंड होतं. आपल्या आस्थेबद्दल आभार, परंतु शब्दांचं साम्य योगायोगानंही असू शकतं, आणि कवितेतल्या वेळा रूपकात्मक आहेत. लतीफभाईंनी मला रूपकात्मक म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं की खरं नसतं, म्हणायचं असतं. ते म्हणाले की भरती खरी असते, कोणी म्हणायची गरज नसते. मग त्यांनी एक काम केलं जे मला सुचलं नसतं. कवितेच्या वर इलाबाईंनी घातलेली तारीख त्यांनी चांद्र तारखेत बसवायला घेतली. त्यांच्या मशिदीतल्या एका म्हाताऱ्या मौलवींकडे जुनी कोष्टकं होती. चार शुक्रवार दोघं त्यावर बसले. चौथ्या शुक्रवारी उत्तर आलं. इलाबाई पायरीवर पहिल्यांदा बसल्या तो दिवस पौर्णिमेचा होता.

ते पाठवल्यावर जवळजवळ दोन महिने काहीच आलं नाही. लतीफभाईंचं सामान बांधून होत आलं होतं. ते रोज दार ढकलून आत डोकं घालत आणि फक्त भुवया उंचावत. मी मान हलवून नाही म्हणायची. एका दुपारी मात्र मेल दिसला आणि मीच रेकॉर्डमध्ये गेले. मेल मोठा होता. इंग्रजी मी मनातल्या मनात मराठी करत वाचत गेले.

प्राध्यापकबाईंनी लिहिलं होतं की तारखेनं त्यांची झोप उडाली. म्हणून त्यांनी पलटणींच्या याद्या बाजूला ठेवून दाभोळकडच्या साहेब लोकांच्या धर्मनोंदी काढल्या. थॉर्नकोमना एक मूल होतं हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं. मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याची नोंद होती. कवितेच्या तारखेच्या तीन वर्षं आधीची. मग त्यांनी दफनाच्या नोंदी पाहिल्या. तिथे ती नव्हती. परतीच्या जहाजाच्या यादीतही नवरा-बायको दोघंच होते. तिसरं नाव नव्हतं. त्यांनी विचारलं होतं की तुमच्या त्या किनाऱ्यावर उधाणाबद्दल लोकांचा काही समज आहे का.

मी वाचायची थांबले. लतीफभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. दोरी गळ्यातच होती, त्यामुळे तो घसरून छातीवर लोंबायला लागला तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

"मी चप्पल बोललो हुतो," ते म्हणाले.

नऊ वर्षांत त्यांनी घरचं फारसं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, आणि अगदी थोडक्यात. त्यांचा थोरला भाऊ उस्मान खाडी ओलांडताना होडी उलटून गेला. बाकीचे सापडले, उस्मान सापडला नाही. आमच्यात बोलतात, त्यांनी सांगितलं, दर्या ठेवून घेत नाय, उधानाला आनून टाकतो. म्हणून त्यांची आई दर पुनवेपासून आणि दर अवसेपासून तीन-चार दिवस बंदराच्या पायरीवर जाऊन बसायची. भरती पुरी होईपर्यंत बसायची, रोज पाऊण तास उशिरा घरी यायची. किती वर्षं, ते त्यांना आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की त्या दिवसांत घरी जेवण उशिरा व्हायचं आणि कोणी काही बोलायचं नाही. उम्म उस्मान, ते म्हणाले, आपल्याशीच बोलल्यासारखे.

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. ते म्हणाले, "कविता वाचली तवाच मना समजायला पायजे हुतं. समजलं बी आसंल." मग पेन्सिल कानावर खोचली. प्राध्यापकबाईंना हे कळवायचं का, असं मी विचारलं. कोणाच्या कागदावर गरजेपेक्षा जास्त अक्षर लिहायचं नाही हा त्यांचा जन्माचा नियम, आणि हे तर स्वतःच्या घरातलं. दोन दिवस त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहून आणलं, मराठीत, आणि म्हणाले ह्याचं इंग्रजी करा पण वाढवू नका. आईचं नाव नाही, उस्मानचं नाही. मी तेवढंच पाठवलं. खाली त्यांनी सांगितल्याप्रमाणे लतीफ ए. सोलकर, कुवेत.

त्यांच्या विमानाच्या आदल्या दिवशी प्राध्यापकबाईंनी छपाईला जाणारं पान पाठवलं. त्यांनी प्रस्तावना नव्यानं लिहिली होती आणि प्रियकर काढून टाकला होता. आवृत्ती निघणार होती. अडगळीत जाण्याची माझी भीती खोटी ठरली, म्हणून पुणेरी शहाणपणाबद्दल मी स्वतःशीच चरफडले. पान छापून घेऊन संध्याकाळी महबूलाला गेले. जाताना त्या पानावर नजर टाकली आणि गाडीतच संतापले. मग तशीच मागे वळून हॉस्पिटलात गेले, रेकॉर्डमधून एक कोरा फॉर्म उचलला आणि पुन्हा निघाले.

लतीफभाई किनाऱ्यावर एका चटईवर बसले होते. मागे उंच इमारतींच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, समोर ओहोटीनं उघडी पडलेली वाळू. त्यांनी पान घेतलं, हातभर लांब धरलं. कविता तीच होती. ओ'धानच्या जागी उधाण होतं, इंग्रजी अक्षरांत, पण तोंडानं वाचलं तर उधाणच. तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि मान हलवली. मग खालची टीप वाचायला लागले, एकेक शब्द लावत, मोठ्यानं. मी त्यांना मराठी सांगत गेले. उधाण म्हणजे पुनवेची आणि अवसेची मोठी भरती. आमच्याकडे उधाणाला आया बंदरावर बसतात, कारण नेलेलं परत आलं तर त्याच दिवशी येतं. ही माहिती, लतीफा सोलकर, कुवेत.

लतीफ आणि ए जोडून कोणीतरी लतीफा केलं होतं. मेल माझ्या नावानं गेलेले, वाक्य आयांचं. लिहिणारी बाईच असणार असं त्यांना वाटलं असावं. मी फॉर्म पुढे केला. म्हटलं, नोंदलेलं नाव, खरं नाव, मी इथेच भरते, आज रात्री मेल करते, अजून वेळ आहे.

लतीफभाईंनी डोळे मिटले आणि ते नाव तोंडानं वाचलं. लतीफा सोलकर. पुन्हा एकदा वाचलं.

"ऱ्हावदे," ते म्हणाले. "बोलनं आयचं हाय. बाईच्या नावावर गेलं तर चुकलं कुठं?"

आयुष्यभर दुसऱ्यांची नावं दुरुस्त करणाऱ्या माणसानं तो कोरा फॉर्म घेतला, चार घड्या केल्या आणि इलाबाईंच्या त्या पुठ्ठा गेलेल्या पुस्तकात खुणेला ठेवला. मग मला म्हणाले की बसा, आज अवसेनंतरचा तिसरा चांद आहे, पाणी चांगलं वर येईल. मला घरी स्वयंपाक होता. त्यांना नमस्कार केला, पोचल्यावर फोन करा असं सांगितलं आणि निघाले. गाडीपाशी जाऊन मागे पाहिलं तर ते पाण्याकडे तोंड करून बसले होते आणि मनगट लांब धरून घड्याळ बघत होते. पाणी यायला अजून पाऊण तास होता.